साडूंची चौकशी खिडकी

जगात उत्तरं देणारी माणसं पैशाला पासरी मिळतात. पण कुणीतरी आपल्याला प्रश्न विचारावा म्हणून मनापासून वाट बघत बसणारा माणूस मी जन्मात एकच पाहिला, आणि तो माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा निघाला. साडू हे नातं आपल्याकडं तसं अवघडच. भाऊ म्हणावं तर भांडता येत नाही, मित्र म्हणावं तर चेष्टा करता येत नाही, आणि परका म्हणावं तर दर सणाला शेजारच्या पाटावर तोच बसलेला असतो. दोघांचं सासर एक, एवढ्या एका दुव्यावर आयुष्यभर एकमेकांना 'पावणं' म्हणायचं, मान द्यायचा आणि आपलं कसं उत्तम चाललंय हे पटवत राहायचं. आमचे साडू कोल्हापूरच्या बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत कामाला होते. मी एका कॉलेजात मराठी शिकवत असे. म्हणजे मी रोज चार तास कुणी न विचारलेल्या गोष्टींची उत्तरं देत असे, आणि त्यांना दिवसभर माणसं आपण होऊन विचारत असत. आमच्या पगारात फार फरक नव्हता, पण संध्याकाळी घरी परतताना त्यांचा चेहरा माझ्यापेक्षा नेहमीच ताजा असायचा.

चौकशीच्या खिडकीशी आपण जातो ते गडबडीत, आणि उत्तर अर्धवट ऐकून पळतो. साडूंना हे अर्धवट ऐकणं सोसत नसे. राधानगरीची गाडी कुठं लागते असं कुणी विचारलं, की ते आधी पावणं कुठनं आले, चहा झाला का, सोबत म्हातारं माणूस आहे का, एवढं विचारून घेत. मग फलाट सांगत. आणि सांगून झाल्यावर खुर्चीतून अर्धे उठून, मान लांब करून, तो माणूस खरोखर त्या फलाटाकडं चाललाय का ते बघत. चुकून तो उसाच्या रसाच्या गाड्याकडं वळला तर काचेवर किल्ली वाजवून त्याला परत बोलावत. खिडकीत त्यांनी स्वतःच्या खर्चानं एक लांबट वही ठेवली होती. पावणं कुठले, काय अडलं, काय सांगितलं, आणि शेवटचा रकाना 'पोचला का?'. हा शेवटचा रकाना भरायला ते सुटलेल्या गाडीच्या वाहकाला दुसऱ्या दिवशी गाठत. "सांगितलं म्हंजे झालं न्हाय, पावणं," ते मला एकदा म्हणाले, "मानूस गाडीत बसला पायजे. आनि उतरला बी पायजे."

घरीही तीच तऱ्हा. लग्नकार्यात मंडपाच्या दाराशी एक खुर्ची टाकून ते बसत, कारण चपला कुठं काढायच्या, जेवणं कधी उठणार, नवरीचा मामा कोणता, हे प्रश्न सगळे तिथंच पडतात. सुट्टीच्या दिवशी रंकाळ्यावर फिरायला जात आणि पाण्याकडं पाठ करून, रस्त्याकडं तोंड करून बसत. परगावचा कुणी वाट चुकलेला दिसावा, एवढीच अपेक्षा. एका रविवारी संध्याकाळपर्यंत कुणीच काही विचारलं नाही, तेव्हा घरी येऊन त्यांनी अक्काला, म्हणजे माझ्या मेव्हणीला, सांगितलं की आज रंकाळ्याला काही मजा नव्हती. अक्कानं विचारलं, पाणी आटलं का? तर म्हणाले, पाण्याकडं बघितलं नाही.

अशा माणसाच्या आयुष्यात कॉम्प्युटर यायचं तसं काही कारण नव्हतं. पण नव्वदच्या दशकाच्या शेवटी हातकणंगल्याहून इंजिनिअरिंग शिकायला रोज ये-जा करणाऱ्या एका मुलीची फ्लॉप्यांची डबी गाडीत राहिली. ती रडवेली होऊन खिडकीशी आली. साडूंनी तिला पाणी दिलं, चार डेपोंना फोन लावले, आणि तिसऱ्या दिवशी ती डबी गडहिंग्लजहून एका चालकाच्या डब्याच्या पिशवीतून परत आणून तिच्या हातात ठेवली. वहीत 'पोचला का?'च्या रकान्यात त्यांनी 'पोचली (डबी)' असं लिहिलं. त्या डबीत काय होतं हे तिनं त्यांना चार वेळा समजावलं, आणि मला वाटतं चौथ्या वेळी ते त्यांना कळलं. लिनक्स नावाची कॉम्प्युटर चालवायची एक व्यवस्था आहे, ती जगभरची माणसं मिळून बांधतात आणि फुकट वाटतात. कुणीही ती घेऊन आपापल्या गरजेप्रमाणं नव्यानं मांडू शकतं. या मुलीनं तशी एक छोटी मांडणी करायला घेतली होती. मोठ्या शहरांतून टाकून दिलेल्या जुन्या कॉम्प्युटरवर चालेल, एका सीडीत मावेल, आणि पडद्यावरच्या सूचना मराठीत असतील, अशी. नाव ठेवलं होतं 'शिदोरी'.

पुढं ती पुण्याला नोकरीला लागली, शिदोरी पुरी झाली, शाळांतून आणि दूध संस्थांतून चार जण ती वापरायलाही लागले, आणि तिथंच घोडं अडलं. कारण वापरणारे तिला प्रश्न विचारू लागले. मुलगी हुशार, पण तोंडाची फटकळ. ती एका ओळीत उत्तर द्यायची, ती ओळही इंग्रजीत, आणि त्यानंतर तो माणूस पुन्हा म्हणून कधी काही विचारायचा नाही. एकदा सुट्टीला आली असताना तिनं साडूंना खिडकीशी येऊन सांगितलं, "काका, मला कॉम्प्युटर समजतो. माणसं नाही समजत." साडू म्हणाले, "मग मानसं माज्याकडं लाव की." पुढची नऊ-दहा वर्षं त्यांनी जे केलं, ते या एका वाक्यातून निघालं.

कॉम्प्युटर ते वेळापत्रकासारखा शिकले, म्हणजे पाठ केला. चंदगड तालुक्याच्या आतल्या वाड्यांवर ते आयुष्यात गेले नव्हते, पण गाडी कुठं कुठं थांबते ते डोळे मिटून सांगत. तसंच कुठली आज्ञा दिल्यावर पडद्यावर काय येतं, ते न आलं तर काय करायचं, हे त्यांनी ओळीनं घोकलं. मग शिदोरीची चौकशी खिडकी उघडली. सकाळी सात ते आठ घरच्या फोनवर. ड्युटी संपली की तासभर सायबर कॅफेत, कारण त्या मुलीनं एक मेलिंग लिस्ट सुरू करून दिली होती, म्हणजे एकानं पत्र टाकलं की ते सगळ्यांना जाई. नवी वही आली, रकाने तेच. चंदगडला एक शाळामास्तर, राधानगरीच्या बाजूला दूध संस्थेचा एक सचिव, असा दर तालुक्याला त्यांनी एक जाणता माणूस धरला, आणि त्याला ते 'थांबा' म्हणत. प्रत्येक प्रश्न कोल्हापुरापर्यंत यायचं कारण नाही, वाटेतल्या थांब्यावर सुटला तर उत्तम, असा हिशेब.

सीड्या पाठवायची त्यांची व्यवस्था तर कुठल्याही मोठ्या कंपनीला सुचली नसती. आमच्याकडं खेड्यांतून शिकायला आलेल्या पोरांचे जेवणाचे डबे सकाळच्या गाडीनं घरून येतात आणि धुतलेले रिकामे डबे दुपारच्या गाडीनं परत जातात. साडू त्या रिकाम्या डब्यांत प्लास्टिकमध्ये गुंडाळून शिदोरीची सीडी ठेवत. शिदोरी डब्यातनंच गेली पाहिजे, हे त्यांना फार शोभेसं वाटायचं. चंदगडच्या मास्तरांना पोचलेल्या पहिल्या सीडीला मात्र सुकटीचा सणसणीत वास होता. साडू लिंगायत, घरात कांदासुद्धा सोमवारी चिरायचा नाही. मास्तरांनी फोन करून आधी सीडी पोचल्याचं सांगितलं आणि मग जरा घुटमळत विचारलं, "अण्णा, तुमी कवापास्नं खाया लागलासा?" तेव्हापासून डब्याचं झाकण उघडून वास घेतल्याशिवाय साडूंनी आत सीडी ठेवली नाही.

आणि पैरा. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, आमच्या भागात शेतकरी पैरा करतात. आज तुझी माणसं नि बैल माझ्या रानात, उद्या माझी तुझ्या रानात. त्यात पैसा नसतो, पण चुकवलं तर गावात तोंड दाखवता येत नाही. साडूंचं गाव गडहिंग्लजच्या पुढं, वडिलांचं दुकान आणि थोडी शेती. लहानपणी हे बघितलेलं. त्यांनी शिदोरीला तोच कायदा लावला. ज्याला एक उत्तर मिळालं, त्यानं पुढच्या अडलेल्याला एक उत्तर द्यायचं, आणि शिवाय ते शिदोरीच्या संकेतस्थळावर सगळ्यांसाठी लिहून ठेवायचं. तिकडं पुण्यात ती मुलगी चकित झाली. तिच्या म्हणण्याप्रमाणं मोठमोठ्या लिनक्सवाल्यांनासुद्धा माणसांकडून उत्तरं लिहून घेणं जमत नव्हतं, आणि इथं दूध संस्थेचा सचिव म्हशींच्या वेळा सांभाळून शाळामास्तरांना फॉन्ट बसवायला शिकवत होता. वहीतला 'पोचला का?'चा रकाना वरपासून खालपर्यंत भरलेला असे: पोचला, पोचला, पोचला. साडू ती पानं मला दाखवत, आणि मी वाहवा म्हणत असे.

आता मला माझ्या घरचं सांगणं भाग आहे. मी नोट्स टाइप करायला एक जुना कॉम्प्युटर घेतला होता. साडूंना कळल्यावर रविवारी सीडी घेऊन ते हजर झाले. सकाळभर बसून त्यांनी शिदोरी चढवली, मला टाइप करून दाखवलं, माझ्याकडून चार वेळा करून घेतलं. स्पीकर तेव्हा नव्हते, ते मी त्यांना सांगून दुसऱ्या दिवशी आणले, कारण माझ्या बायकोला सीडीवरची जुनी गाणी ऐकायची होती. जोडले, गाणं लावलं, पडद्यावर गाणं पुढं सरकताना दिसलं, पण आवाज नाही. संध्याकाळी सात वाजता साडूंचा फोन. आधी माझ्या आईचे गुडघे, मग बायकोचा रक्तदाब, मग माझे पेपर तपासून झाले का, मग रविवारची आमटी कशी झकास झाली होती, आणि शेवटी हळूच, "आवाज येतोय न्हवं?" आता इतकं सगळं मायेनं विचारणाऱ्या माणसाला, त्यातही साडूला, येत नाही म्हणून कसं सांगायचं? मी म्हणालो, "येतो की. एकदम स्वच्छ."

एका खोट्याला दुसरं लागतं. पुढच्या रविवारी साडू आणि अक्का जेवायला आले आणि जेवणानंतर साडूंना आवाज ऐकावासा वाटला. माझ्या बायकोनं बापडीनं आधीच तयारी करून ठेवली होती. कॉम्प्युटरच्या मागं, खिडकीच्या पडद्याच्या आड, आमचा जुना टेपरेकॉर्डर. मी इकडं माउसचं बटण दाबलं, तिनं तिकडं पडदा नीट करायच्या निमित्तानं टेपचं. गाणं सुरू झालं. साडू मान डोलावू लागले. पहिलं कडवं झालं असेल-नसेल तोच भारनियमनाची वेळ नसताना लाईट गेली. पंखा थांबला, कॉम्प्युटरचा पडदा काळा झाला, आणि गाणं मात्र चालूच राहिलं, कारण टेपरेकॉर्डरमध्ये बायकोनं परवाच नवे सेल घातले होते. मी छताकडं बघत राहिलो. अक्का पदरानं वारा घेत होती. साडूंनी गाणं शेवटपर्यंत ऐकलं, चहाची कपबशी खाली ठेवली, म्हणाले, "गाणं चांगलं हाय," आणि चपला घातल्या. मी स्वतःची समजूत घातली की त्यांच्या काही लक्षात आलं नसावं.

दोन-तीन वर्षं अशीच गेली आणि शिदोरीचा मोठा दिवस आला. एका शिक्षणसंस्थेच्या अनेक शाळा होत्या, त्यांना कॉम्प्युटर मिळाले होते, आणि त्यांवर काय घालायचं हे ठरायचं होतं. संस्थेचे अध्यक्ष स्वतः बघायला येणार होते. त्यांनी हो म्हटलं असतं तर शिदोरी जगणार होती, नाहीतर ती मुलगी नोकरी सांभाळून एकटी किती दिवस ओढणार, असा तो मामला होता. शाहूपुरीत एक लहान हॉल घेतला. सगळे थांबे आले, तिसेक माणसं असतील. मिसळ झाली. मुलगी पुण्याहून नवी, पक्की आवृत्ती घेऊन आली होती; पक्की अशासाठी की साडूंच्या वहीत गेल्या वर्षात एकही माणूस वाटेत अडकलेला नव्हता. अध्यक्ष खुर्चीत बसले, आणि चंदगडच्या मास्तरांना निकालपत्रकं छापून दाखवायला सांगण्यात आलं.

मास्तरांनी झोकात एक निकालपत्रक छापलं. कागद अध्यक्षांच्या हातात दिला. मग शांतपणे कॉम्प्युटर बंद केला आणि हाताची घडी घालून उभे राहिले. हॉलमधल्या एकाही थांब्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. अध्यक्षांनी लाईट गेली का म्हणून वर बघितलं. मुलगी पुढं झाली आणि तिनं विचारलं, बंद का केलात? मास्तर म्हणाले, "दुसरं पान काढायचं हाय की." एक पान छापलं की शिदोरीचा प्रिंटर मुका होत असे आणि कॉम्प्युटर बंद करून पुन्हा लावल्याशिवाय बोलत नसे. मास्तर तीन वर्षं वर्गातल्या त्रेचाळीस मुलांची पत्रकं त्रेचाळीस वेळा कॉम्प्युटर लावून काढत होते. राधानगरीचे सचिव उठून म्हणाले, आम्हीही तसंच करतो; पानामागं एक चहा होतो. आणि त्यांनी पैरा म्हणून तसं लिहूनही ठेवलं होतं. मुलीनं संकेतस्थळ उघडलं. 'एक पान छापल्यानंतर यंत्रास थोडी विश्रांती द्यावी' असं तिथं शुद्ध मराठीत होतं, आणि खाली पाच-सहा जणांनी 'उपयुक्त माहिती, आभारी आहोत' असं लिहिलं होतं.

अध्यक्ष भले गृहस्थ. त्यांनी चहा घेतला, विचार करून कळवतो म्हणाले, आणि गेले. मुलीनं कोपऱ्यात बसून अर्ध्या तासात ती चूक शोधली आणि दुरुस्त केली. एका ओळीची चूक होती. पहिल्याच महिन्यात कुणी सांगितलं असतं तर पहिल्याच महिन्यात गेली असती. साडू वही मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी मास्तरांना जवळ बोलावलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "सर, दर म्हैन्याला मी इचारत हुतो. छापतंय न्हवं? तुमी म्हनायचासा, छापतंय."

मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. "छापतंय की, अण्णा. पन तुमी पयलं आईचं दुखनं इचारायचासा, पोरीचं लगीन इचारायचासा. मग आमच्या तोंडातनं तक्रार निघायची कशी?"

साडूंनी वही मिटली. घरी जाऊन त्यांनी वही कपाटावर टाकली. सकाळी सातला फोन वाजे, ते उचलत नसत. बसस्थानकावर जात, फलाटाचा आकडा सांगत, आणि मान लांब करून बघत नसत. आपल्या खिडकीतनं तीन वर्षं एकही माणूस धड पोचलेला नाही, आणि ते सगळे आपलं मन राखायला 'पोचलो' म्हणत आले, हे त्यांना फार लागलं होतं. मला ते समजत होतं. मी त्यांना भेटायलाही गेलो, शेजारी बसलो, मनाला लावून घेऊ नका म्हणालो. आपलंही एक खोटं त्या वहीत आहे हे सांगायला याहून चांगली वेळ नव्हती, आणि मी ते सांगितलं नाही.

पाचव्या-सहाव्या दिवशी वाजणाऱ्या फोनला अक्का कंटाळली. अक्का म्हणजे जिभेला हाड नसलेली बाई. माझ्या सासरी तिच्यासमोर खोटं बोलायची पद्धत नाही. तिनं फोन उचलला आणि समोरचा खुशाली विचारायला लागताच त्याला म्हणाली, "खुशाली मागनं. काय मोडलंय ते आदी बोला." पलीकडचा माणूस बांध फुटल्यासारखा बोलू लागला. अक्काला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण तिनं कपाटावरची वही काढली आणि तो सांगेल ते उतरवून घेतलं. दुसऱ्या दिवशी दोन फोन आले, तिसऱ्या दिवशी पाच. आठवड्याच्या शेवटी तिनं वही साडूंच्या पुढ्यात टाकली. शेवटच्या रकान्यात तिच्या ठसठशीत अक्षरात वरपासून खालपर्यंत एकच शब्द होता: न्हाय, न्हाय, न्हाय.

ती वही घेऊन साडू त्याच संध्याकाळी माझ्या घरी आले. सायकलवरून आले होते, धाप लागली होती, आणि चेहऱ्यावर इतका आनंद की मला वाटलं संस्थेच्या अध्यक्षांचा होकार आला. "बगा पावणं," ते वही उघडून म्हणाले, "कुनीसुदीक पोचल्यालं न्हाय!" त्यानंतर शिदोरीच्या खिडकीचा कायदा बदलला. आधी अक्काशी बोलायचं, काय मोडलंय ते सांगायचं, आणि मग फोन साडूंकडं, गुडघे आणि लग्नं विचारायला. वर्षभरात शिदोरी खरीच पक्की झाली. त्या संस्थेनं सगळ्या नाही, पण काही शाळांत ती घेतली. एकदा अक्कानं मलाही सरळ विचारलं होतं, "तुमचं काय हो? सगळं बरं चाललंय न्हवं?" मी म्हणालो, एकदम. माझी बायको जमिनीकडं बघत होती. टेपरेकॉर्डर अजून कॉम्प्युटरच्या मागंच होता.

पुढं जे व्हायचं तेच झालं. मोठे लिनक्सवाले स्वतःच मराठी बोलायला लागले, जुने कॉम्प्युटर भंगारात गेले, शाळांत नवे आले ते आपापलं सगळं घेऊनच आले. मुलगी कॅनडाला निघाली. तिनं लिस्टवर लांबलचक निरोपाचं पत्र टाकलं, त्यात साडूंचे आभार होते, आणि शिदोरी आता इथंच थांबवते असं होतं. साडूंनी सगळ्यांच्या वतीनं उत्तर लिहिलं ते एका ओळीचं: 'थंडीचे कपडे घेतलेस का?' त्याच सुमाराला ते नोकरीतूनही निवृत्त झाले. दोन्ही खिडक्या एकदमच बंद झाल्या.

एक दिवस अक्का माझ्या बायकोला सहज सांगून गेली, की अजून रोज सकाळी सातला हे फोनजवळ बसतात. वही उघडून, पेनाचं टोपण काढून. आठ वाजले की टोपण लावतात आणि आंघोळीला जातात. चार-पाच महिने झाले, वहीत एक ओळ नाही. तिनं ते हसतच सांगितलं, पण अक्काचं हसू मी ओळखतो. मला त्या रात्रीचं जेवण गोड लागलं नाही.

सकाळी सातला मी फोन लावला. पहिल्या घंटीलाच उचलला गेला. ते आईचे गुडघे विचारायच्या आत मी म्हणालो, "पावणं, आवाज येत नाही. पहिल्या दिवसापासून येत नाही."

पलीकडं वहीचं पान उलटलेलं ऐकू आलं. मग म्हणाले, "येतो की."

अर्ध्या तासात सायकल दाराशी होती. हातात वही, आणि शिवाय एक जुनी वही. कॉम्प्युटरसमोर बसून त्यांनी काहीतरी दोन शब्द टाइप केले, आणि नऊ वर्षांपूर्वी लावलेलं ते गाणं खोलीभर झालं. माझी बायको स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि दारातच उभी राहिली. काहीच बिघडलेलं नव्हतं. त्या काळातलं लिनक्स पहिल्यांदा चढवलं की आवाजाची पट्टी शून्यावर असायची, ती कुणीतरी वर सरकवायची एवढंच. त्या पहिल्या संध्याकाळी फोनवर मी खरं बोललो असतो तर दोन मिनिटांचं काम होतं. मी जुनी वही उघडली. माझ्या नावापुढं, 'पोचला'च्या शेजारी, पेन्सिलीचा एक बारीक ठिपका होता. मी त्यांच्याकडं बघितलं. "लाईट गेलती, तवाच कळलं," ते म्हणाले. मग इतकी वर्षं बोलला का नाहीत, असं मी विचारलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. "साडू हाय. इचारायचं कसं?"

त्यांनी नव्या वहीत माझं नाव घातलं, काय अडलं ते लिहिलं, काय सांगितलं ते लिहिलं, आणि शेवटच्या रकान्यात जरा दाबून 'पोचला' लिहिलं. चहा झाला. गाणं संपलं. पण पेनाला टोपण लागलं नाही. ते तसेच बसून राहिले, वहीच्या कोऱ्या ओळीवर बोट ठेवून, आणि मग अगदी खिडकीतल्या आवाजात त्यांनी विचारलं, "आनि काय अडलंय का, पावणं?"

मी खोलीभर नजर फिरवली. कॉम्प्युटर तर आता झकास चालत होता. त्यांना खोटं सांगायचं नाही, असं मी सकाळीच ठरवलं होतं. शेवटी मी म्हणालो, "ते भिंतीवरचं घड्याळ मागं पडतंय."

त्यांनी भिंतीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. वही जवळ ओढली.

"कवापास्नं?" ते म्हणाले, आणि लिहायला लागले.